बिशप निकोलस स्टेनो

डोंगरकड्यांतील थर सर्वांनींच पाहिले होते. त्यांचा अनुक्रम वाचावयास शिकविल्याचें श्रेय आम्ही डेन्मार्कच्या निकोलस स्टेनो यांस देतों. १६३८ सालीं कोपनहेगन येथें एका ल्युथरपंथी सोनाराच्या घरीं ते जन्मले. शरीरशास्त्रांत कीर्ति मिळवून ते फ्लॉरेन्सला आले. १६६६ मध्यें लिव्होर्नोजवळ धरलेल्या प्रचंड शार्क माशाचें मस्तक चिरतांना, त्याचे दांत माल्टाच्या खडकांत सांपडणाऱ्या दगडांसारखेच त्यांस दिसले. हे दगड म्हणजे संत पौलाच्या शापानें थिजलेल्या सर्पजिव्हा, अशी लोकसमजूत होती. मग समुद्रांतले दांत खडकांत शिरले कसे? १६६९ च्या ग्रंथांत त्यांनीं उलगडा केला: गाळ पाण्यांत आडवा बसतो, खालचा थर आधींचा, वरचा नंतरचा, तिरपा थर मागाहून ढळलेला. वर्षांचा हिशेब यांत नव्हता. तो विसाव्या शतकांत किरणोत्सर्गी द्रव्यांवरून लागला.

१६६७ मध्यें ते कॅथलिक, १६७५ मध्यें धर्मगुरु व १६७७ मध्यें बिशप झाले. शास्त्र मागें पडलें, याची आम्हांस हळहळ वाटते. गरिबांस मात्र ती वाटली नसावी, कारण जवळचें सारें त्यांनींच नेलें. १६८६ मध्यें श्वेरीन येथें ते निर्धन स्थितींत वारले. देह फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो मंदिरांत आहे. १९८८ मध्यें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्यवादित घोषित केलें.