विल्यम ब्लाय

विल्यम ब्लाय (९ सप्टेंबर, इ.स. १७५४ – ७ डिसेंबर, इ.स. १८१७) हे ब्रिटिश आरमारातील अधिकारी, निष्णात दर्यावर्दी व न्यू साउथ वेल्स या वसाहतीचे गव्हर्नर होते. इ.स. १७८९ मध्ये बाउंटी जहाजावर त्यांच्याविरुद्ध झालेल्या बंडामुळे ते प्रसिद्ध आहेत. या घटनेवरील चित्रपटांमुळे त्यांचे नाव जुलमी कप्तानाचे प्रतीक बनले. मात्र उपलब्ध नोंदींवरून दिसणारे त्यांचे व्यक्तिमत्त्व अधिक गुंतागुंतीचे आहे.

पूर्वायुष्य

ब्लाय लहान वयातच आरमारात दाखल झाले. जेम्स कुक यांच्या तिसऱ्या सागरी मोहिमेत (इ.स. १७७६–८०) रेझोल्यूशन जहाजाच्या नौकानयनाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. इ.स. १७८१ मध्ये त्यांचा एलिझाबेथ बेथम यांच्याशी विवाह झाला.

बाउंटीवरील बंड

वेस्ट इंडीजमधील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्त अन्न मिळावे, यासाठी ताहितीहून ब्रेडफ्रूटची (कोकणातील नीरफणस) रोपे नेण्याची कामगिरी ब्लाय यांच्यावर सोपवण्यात आली. बाउंटी डिसेंबर १७८७ मध्ये इंग्लंडहून निघाले. जहाज लहान होते व कप्तानाच्या रक्षणासाठी त्यावर नौसैनिकांची तुकडी नव्हती. ताहितीतील सुमारे पाच महिन्यांच्या मुक्कामात खलाशी तेथील जीवनात रमले आणि शिस्त सैल झाली. परतीच्या प्रवासात ब्लाय यांचे जहाल बोलणे व अपमानास्पद वागणूक यांमुळे तणाव वाढला. नारळांच्या चोरीचा आरोप झाल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, २८ एप्रिल १७८९ रोजी, फ्लेचर ख्रिश्चन यांच्या नेतृत्वाखाली बंड झाले.

बंडखोरांनी ब्लाय व त्यांच्या १८ सहकाऱ्यांना सुमारे २३ फूट लांबीच्या उघड्या होडीत सोडून दिले. टोफुआ बेटावर स्थानिकांच्या हल्ल्यात एक जण ठार झाला. त्यानंतर अत्यल्प शिधा काटेकोरपणे वाटून, नकाशांविना, सुमारे ३,६०० सागरी मैल अंतर कापत ब्लाय यांनी १४ जून १७८९ रोजी होडी तिमोर बेटावरील कुपांग येथे पोहोचवली. या टप्प्यात एकही माणूस दगावला नाही. इंग्लंडमध्ये परतल्यावर जहाज गमावल्याच्या आरोपातून लष्करी न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले.

उत्तरायुष्य

इ.स. १७९१–९३ मधील दुसऱ्या मोहिमेत ब्लाय यांनी ब्रेडफ्रूटची रोपे सेंट व्हिन्सेंट व जमैका येथे यशस्वीरीत्या पोहोचवली. त्यांच्या गैरहजेरीत पकडलेल्या दहा जणांवर खटला चालून तिघांना फाशी देण्यात आली. कॅम्परडाउन (इ.स. १७९७) व कोपनहेगन (इ.स. १८०१) या लढायांत ब्लाय सहभागी झाले.

इ.स. १८०६ मध्ये ते न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर झाले. तेथे पैशाऐवजी दारू देऊन चालणाऱ्या व्यवहारांवर त्यांनी बंदी घातल्यामुळे प्रभावशाली व्यापारी व लष्करी अधिकारी दुखावले. २६ जानेवारी १८०८ रोजी मेजर जॉर्ज जॉन्स्टन यांच्या सैनिकांनी त्यांना अटक केली. ही घटना ‘रम बंड’ म्हणून ओळखली जाते. पुढे जॉन्स्टन दोषी ठरून सेवेतून बडतर्फ झाले, तर ब्लाय व्हाइस ॲडमिरल पदापर्यंत पोहोचले. लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

चित्रपटांतील प्रतिमा

फ्रँक लॉइड दिग्दर्शित ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ (इ.स. १९३५) या चित्रपटात चार्ल्स लॉटन यांनी ब्लाय यांची, तर क्लार्क गेबल यांनी ख्रिश्चन यांची भूमिका केली. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. मात्र खलाशाला दोराने बांधून जहाजाच्या तळाखालून ओढण्याची त्यात दाखवलेली शिक्षा बाउंटीवर दिली गेली नव्हती. तसेच बंडखोरांच्या शोधासाठी गेलेल्या पँडोरा जहाजाचे नेतृत्व ब्लाय यांनी नव्हे, तर एडवर्ड एडवर्ड्स यांनी केले होते. जहाजावरील नोंदींच्या अभ्यासानुसार ब्लाय यांनी दिलेल्या फटक्यांच्या शिक्षा पॅसिफिकमधील काही समकालीन कप्तानांच्या तुलनेत कमीच होत्या. इ.स. १९८४ च्या ‘द बाउंटी’ चित्रपटात अँथनी हॉपकिन्स यांनी साकारलेले ब्लाय तुलनेने सहानुभूतीने रंगवलेले आहेत.