फडक्यांचं वकीलपत्र घ्यायला वकील धजावत नव्हते, तेव्हा उभे राहिलेले सार्वजनिक काका कोण होते?

शीळफाट्यावरून रोज हजारो गाड्या जातात. एक रस्ता कल्याण-डोंबिवलीकडे वळतो, एक मुंब्रामार्गे ठाण्याला जातो, एक महापेकडे आणि एक पनवेलकडे. यातल्या दोन रस्त्यांचा संबंध एकाच माणसाशी आहे. पनवेल ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे जन्मगाव. आणि त्यांच्या शिक्षणाचा काही काळ गेला तो कल्याणमध्ये.

फडक्यांचं नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. पण पकडले गेल्यावर कोर्टात त्यांच्या बाजूने कोण उभं राहिलं, हे फार जणांना ठाऊक नसतं.

ते होते गणेश वासुदेव जोशी. पुणेकर त्यांना सार्वजनिक काका म्हणायचे. गरिबाला मोफत वकील मिळाला पाहिजे, असं आज आपला कायदा सांगतो. हा कायदा नव्हता त्या काळात वकिली लोकांसाठी कशी वापरायची, हे काकांच्या आयुष्यातून समजतं.

कारकून ते वकील

काकांचा जन्म ९ एप्रिल १८२८ चा, साताऱ्याचा. घरची परिस्थिती बेताची. पुढे ते पुण्यात आले आणि सरकारी कचेरीत कारकुनी करू लागले. या नोकरीत त्यांना कोर्टकचेरीचं जग आतून दिसलं. कागद कसा फिरतो, तारीख कशी पडते, आणि लिहितावाचता न येणारा माणूस तिथे कसा गोंधळतो, हे त्यांनी रोज पाहिलं.

१८६५ च्या सुमारास त्यांनी वकिलीची परीक्षा दिली आणि पुण्यात वकिली सुरू केली. वय पस्तिशीच्या पुढे. चांगली कमाई करून आरामात राहता आलं असतं. पण काकांचा वेळ अशिलांपेक्षा गावाच्या कामातच जास्त जाऊ लागला, आणि त्यातूनच त्यांना त्यांचं टोपणनाव मिळालं.

५० सह्या आणल्या तरच सभासद

पुण्यातल्या पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल तेव्हा लोकांच्या तक्रारी होत्या. पण सरकारदरबारी या तक्रारी मांडायच्या कोणी? चार प्रतिष्ठित माणसं गेली, तर तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय, असा प्रश्न येणारच.

यावर उत्तर म्हणून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि काका तिचे आधारस्तंभ बनले. औंधचे पंतप्रतिनिधी सभेचे पहिले अध्यक्ष होते.

सभेचा एक नियम फार वेगळा होता. सभासद व्हायचं तर किमान ५० लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे या ५० जणांच्या वतीने बोलायचा अधिकार मला दिलाय, याचा लेखी पुरावा. सुरुवातीला अशा ९५ सभासदांनी सुमारे ६,००० लोकांचं प्रतिनिधित्व केलं.

यात काकांचं वकिली डोकं दिसतं. कोर्टात वकील आधी वकीलपत्र दाखल करतो, मग बोलतो. काकांनी हीच पद्धत सार्वजनिक कामात आणली. निवडणूक आणि मतदान सामान्य माणसापर्यंत पोचलंच नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. रानडे सरकारी नोकरीत, त्यामुळे त्यांना उघडपणे पुढे येता येत नसे. विचार, आकडेवारी आणि मसुदा रानड्यांचा, तर माणसं जमवणं, फिरणं आणि सरकारपुढे उभं राहणं काकांचं, अशी ही जोडी जमली.

कोर्टाची पायरी चढूच नये म्हणून

१८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावातून त्याची सुरुवात झाली. शेतकऱ्यांचा राग मुख्यतः सावकाराकडच्या कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून जाळले गेले.

या रागामागे कोर्टाचाही वाटा होता. सावकार दावा लावायचा. शेतकऱ्याला समन्सची भाषा कळायची नाही, तालुक्याला जायला पैसे नसायचे, वकील परवडायचा नाही. तो हजरच राहायचा नाही आणि निकाल एकतर्फी लागायचा. मग जमीन जायची. न्याय मागायलाही स्टॅम्प लागायचा, कारण १८७० चा कोर्ट फी कायदा लागू झाला होता.

याच काळात, १८७५-७६ च्या सुमारास, सार्वजनिक सभेच्या लोकांनी पुण्यात लवाद कोर्ट सुरू केलं. कल्पना साधी होती. दोन्ही बाजू राजी असतील तर गावातल्या जाणत्या माणसांसमोर बसायचं आणि तंटा तिथेच मिटवायचा. सरकारी कोर्टाचा खर्च नाही, वर्षानुवर्षांच्या तारखा नाहीत. पुढे इतर गावांतही अशी लवाद कोर्टं निघाली.

या कामात काकांचा पुढाकार होता. कोर्टात भांडणं चालली तर वकिलाचं घर चालतं, आणि इथे एक वकीलच लोकांना कोर्टाबाहेर भांडण मिटवायला सांगत होता.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. सभेने दुष्काळी भागातली माहिती गोळा केली आणि ती सातत्याने सरकारपुढे मांडली. दिल्लीत १ जानेवारी १८७७ रोजी मोठा दरबार भरला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यासाठी. काका तिथे सभेचे प्रतिनिधी म्हणून गेले, तेही हातमागाच्या जाड्याभरड्या खादीत. स्वदेशी वापरायचं व्रत त्यांनी १८७२ पासूनच घेतलं होतं. राजेमहाराजांच्या रेशमी गर्दीत हा खादीतला वकील हिंदुस्थानी लोकांसाठी राजकीय हक्क मागत होता.

१८७९: सगळ्यात अवघड वकीलपत्र

दुष्काळात लोकांचे हाल पाहून फडके पेटून उठले. पुण्यातल्या लष्करी हिशेब खात्यातली नोकरी सोडून त्यांनी रामोशी आणि इतर साथीदारांना जमवलं आणि १८७९ मध्ये बंड पुकारलं. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबागवाड्याला आगी लागल्या. सरकारचा संशय बळावला. पुण्याच्या सुशिक्षित मंडळींचाच या बंडाला आतून पाठिंबा आहे, असं इंग्रज अधिकाऱ्यांना वाटू लागलं. रानड्यांची धुळ्याला बदली झाली आणि त्यांच्यावर नजर ठेवली गेली.

जुलै १८७९ मध्ये आजच्या कर्नाटकातल्या देवर नावडगी गावात फडके पकडले गेले. पुण्यात त्यांच्यावर खटला चालला. सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप होता आणि पुराव्यात त्यांची स्वतःची रोजनिशी आणि आत्मवृत्तही होतं.

आता त्या वेळच्या पुण्यातल्या वकिलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आरोपी राजद्रोही, पुरावा भक्कम, फी मिळण्याची आशा नाही, आणि वर सरकारच्या काळ्या यादीत नाव जाण्याची भीती. आरोपीला वकील देण्याचं बंधनही सरकारवर नव्हतं. वकील मिळाला तर मिळाला.

काकांनी वकीलपत्र घेतलं.

यात धोका त्यांना सगळ्यात जास्त होता. सभेवर आधीच संशय होता आणि सभेचा सगळ्यात परिचित चेहरा तेच होते. शिवाय त्यांचा मार्ग फडक्यांच्या मार्गापेक्षा पूर्ण वेगळा होता. अर्ज, सभा, निवेदन, लवाद यांवर त्यांनी दहा वर्षं घालवली होती. फडक्यांनी शस्त्र उचललं होतं. तरी आरोपीची बाजू कोर्टात मांडली गेलीच पाहिजे, यावर काका ठाम राहिले. एखाद्याचं वकीलपत्र घेणं म्हणजे त्याच्या प्रत्येक कृतीला पाठिंबा देणं नव्हे, हा फरक त्यांना नीट कळत होता.

७ नोव्हेंबर १८७९ रोजी फडक्यांना जन्मठेप, म्हणजेच काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांना एडनला पाठवण्यात आलं. तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

काकांनी तोपर्यंत जगाचा निरोप घेतला होता. निकालानंतर नऊ महिन्यांच्या आत, २५ जुलै १८८० रोजी, ते पुण्यात वारले. वय होतं अवघं ५२.

मग आज काय बदललंय?

काकांच्या काळात मोफत वकील मिळणं हे वकिलाच्या मनावर होतं. आज तो हक्क आहे.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३९-अ आलं. पैसे नाहीत म्हणून कोणी न्यायापासून वंचित राहू नये, ही जबाबदारी राज्यावर आली. १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने अपिलासाठीही गरीब कैद्याला मोफत वकील मिळायला हवा, असं ठरवलं. १९७९ मध्ये, म्हणजे फडक्यांच्या खटल्याला बरोबर १०० वर्षं झाली तेव्हा, हुसैनारा खातून खटल्यात मोफत कायदेशीर मदत जगण्याच्या हक्काशी जोडली गेली.

मग १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्यानुसार मोफत वकील कोणाला मिळतो, ते बघा:

- महिला आणि लहान मुलं
- अनुसूचित जाती-जमातीचे लोक
- अपंग व्यक्ती
- औद्योगिक कामगार
- कोठडीत किंवा तुरुंगात असलेली व्यक्ती
- मोठी दुर्घटना, पूर, भूकंप यांत सापडलेले लोक
- मानवी तस्करीचे आणि वेठबिगारीचे बळी
- ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक

यातली उत्पन्नाची अट फक्त शेवटच्या गटाला लागू होते. महिलेला मोफत वकील मिळायला तिचं किंवा नवऱ्याचं उत्पन्न आड येत नाही.

काकांच्या लवाद कोर्टाची आठवण करून देणारी व्यवस्थाही याच कायद्यात आहे, ती म्हणजे लोकअदालत. तिथे तडजोडीने निकाल लागला की भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निकालावर अपील होत नाही.

आणि वकिलांसाठी नियम काय?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार गरजू आणि पीडित माणसाला आपल्या ऐपतीप्रमाणे मोफत मदत करणं हे वकिलाचं मोठं कर्तव्य आहे. एक फरक लक्षात ठेवा. विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतल्या वकिलाला मानधन सरकार देतं, त्यामुळे त्याने अशिलाकडे पैसे मागायचे नसतात. याशिवाय काही वकील स्वेच्छेने, कोणाकडूनच काही न घेता केस लढवतात. केंद्र सरकारच्या न्यायबंधू उपक्रमात अशा वकिलांची नोंदणी होते.

दुसरा मुद्दा सोशल मीडियावर वारंवार येतो. एखादा भयंकर गुन्हा घडला की याचं वकीलपत्र कोणीही घेऊ नये, अशा पोस्ट फिरतात. काही ठिकाणी वकील संघटनांनी तसे ठरावही केलेत. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने असे ठराव बेकायदा ठरवले. आपल्या बाजूने बोलणारा वकील मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २२ ने दिलेला हक्क आहे आणि तो लोकांच्या रागावर अवलंबून नाही.

शीळफाट्यावरच्या माणसाने कुठे जायचं?

४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाटा परिसरात बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा जीव गेला. या पट्ट्यात आजही गोदामात, कारखान्यात, बांधकामावर राबणारी आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी हजारो कुटुंबं आहेत. पगार थकला, घर गेलं, घरात मारहाण झाली किंवा पोलिसांनी कोणाला उचललं, तर यांतले बरेच जण वकील परवडत नाही म्हणून गप्प बसतात.

त्यांच्यासाठी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि कल्याणच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. तिथे साध्या कागदावर मराठीत अर्ज करता येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी चालतं, ते लिहून घेतलं जातं. १५१०० या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही माहिती मिळते.

१८७९ मध्ये फडक्यांना वकील मिळाला, कारण पुण्यात एक सार्वजनिक काका होते. आज तुमच्या शेजारच्या माणसाला नशिबावर अवलंबून राहायची गरज नाही. त्याला फक्त हा हक्क माहीत असायला हवा, आणि ते सांगण्यासाठी वकील असावं लागत नाही.