मेगाहर्ट्झमधले ‘हर्ट्झ’ कोण होते? तारेच्या दोन तुकड्यांपासून अँटेना बनवणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट

एफएम लावताना आपण ९८.३ मेगाहर्ट्झ असं सहज म्हणून जातो. यातलं हर्ट्झ हे एका माणसाचं आडनाव आहे. हॅम रेडिओचे हौशी लोक आज गच्चीवर तारेचा जो साधा डायपोल अँटेना बांधतात, त्याचा मूळ नमुना याच हाइनरिश हर्ट्झ यांचा.

हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा, जर्मनीतल्या हॅम्बर्गचा. वडील वकील, पण मुलाला हाताने वस्तू बनवायची आवड. बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ यांच्याकडे शिकून १८८० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विद्युतचुंबकीय लहरी असतात, हे मॅक्सवेल यांनी गणिताने मांडलं होतं. प्रत्यक्षात त्या कुणी दाखवल्या नव्हत्या.

१८८५ मध्ये हर्ट्झ कार्ल्सरुहेला प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी तांब्याच्या तारेचे दोन तुकडे एका रेषेत ठेवले, मध्ये बारीक फट सोडली आणि बाहेरच्या टोकांना जस्ताचे गोळे लावले. फटीत ठिणगी पडली, की थोड्या अंतरावर ठेवलेल्या तारेच्या कड्यातही ठिणगी दिसायची. दोघांमध्ये कसलीही जोडणी नव्हती!

ट्यूनिंग म्हणजे नेमकं काय?

कड्यातली ठिणगी इतकी बारीक होती, की ती अंधारात बघावी लागे. हर्ट्झ यांनी तारेची लांबी बदलून पाहिली. एका ठरावीक मापाला ठिणगी सर्वात मोठी झाली. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला, की तो उंच जातो, तसंच हे. यालाच अनुनाद म्हणतात.

आजचा हिशोबही तोच आहे. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं, की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १४.२ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २१ मीटर येते. डायपोल त्याच्या निम्म्याहून किंचित कमी, म्हणजे साधारण १० मीटर लागतो. हौशी लोक तार आधी थोडी लांब ठेवतात आणि एसडब्ल्यूआर मीटर बघत दोन्ही टोकं सारखी छाटत जातात.

मग रेडिओ हर्ट्झ यांनी का नाही बनवला?

१८८९ मध्ये एका अभियंत्याने त्यांना विचारलं होतं, की या लहरींवरून टेलिफोनचं बोलणं पाठवता येईल का? आवाजाची कंपनं फार संथ, त्यामुळे लहर शेकडो किलोमीटर लांब होईल आणि तिच्यासाठी खंडाएवढा आरसा लागेल, असं हर्ट्झ यांचं उत्तर होतं. गणित बरोबर होतं. पण आवाज वेगवान लहरीवर चढवून पाठवता येतो, ही युक्ती नंतर सापडली.

ती बघायला हर्ट्झ नव्हते. १ जानेवारी १८९४ रोजी बॉनमध्ये, आजारपणात त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं ३६. पुढच्याच वर्षी इटलीत मार्कोनी यांनी याच लहरींवरून संदेश पाठवायला सुरुवात केली.