मंडणगडची सून, समाजाची माय

दरवर्षी 7 फेब्रुवारीला आणि 27 मे रोजी आमच्या वस्त्यावस्त्यांत रमाईची तसबीर टेबलावर मांडली जाते. हार घातला जातो, मेणबत्ती पेटते, त्रिशरण-पंचशील होते. मग गायन पार्टी उभी राहते आणि मध्यरात्रीपर्यंत रमाईच्या हालअपेष्टांची गाणी ऐकून आयाबाया पदराने डोळे पुसतात. हे अश्रू खरे आहेत, त्याबद्दल आम्हाला शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अश्रूंपलीकडे रमाई किती उरते? रमाईने सोसले, एवढेच आम्ही पोरांना सांगतो. तिने काय केले, कशावर विश्वास ठेवला, कुणाला सांभाळले, हे सांगायचे राहून जाते. म्हणून आज तिचा जीवनपट थोडा सविस्तर मांडावा असे आम्हाला वाटते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मंडणगड तालुका आहे. पलीकडे सावित्री नदी, नदीच्या मुखाशी बाणकोट आणि त्याच सावित्रीच्या खोऱ्यात वर चढत गेले की महाड. याच मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे सकपाळ घराण्याचे मूळ गाव. गावावरून आंबडवेकर आणि पुढे शाळेच्या दप्तरात आंबेडकर. शेजारच्या दापोली तालुक्यातले वणंद हे रमाईचे माहेर. म्हणजे सासर-माहेर दोन्ही लाल मातीतले, एकमेकांना लागून असलेल्या तालुक्यांतले. या पट्ट्यातल्या महार घरांना दोनच वाटा ठाऊक होत्या. एक पलटणीची आणि दुसरी मुंबईची. दापोलीच्या छावणीत पेन्शनर महार शिपायांची मोठी वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकरांनी 1888 साली विटाळ विध्वंसन लिहिले तेही याच दक्षिण कोकणच्या हवेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची लष्करभरती बंद केली आणि पलटणीची वाट बुजली. उरली ती मुंबई.

7 फेब्रुवारी 1898 ही रमाईची जन्मतारीख आज सर्वत्र मानली जाते. वडील भिकू धुत्रे बंदरावर माशांच्या टोपल्या वाहून पोट भरत. आई रुक्मिणी. पोरवयातच रमाईची आई गेली आणि पाठोपाठ वडीलही. मागे राहिलेल्या लेकरांना नातेवाइकांनी मुंबईला भायखळ्यात आणले. आठ-नऊ वर्षांच्या मुलीने आईबाप गमावले, गाव गमावले आणि धाकट्या भावंडांचा भार मनावर घेतला. इथून रमाईच्या आयुष्याला आरंभ होतो. पुढे तिने जे जे केले त्याचे मूळ या पोरकेपणात आहे, असे आम्ही मानतो. पोरक्या लेकराची भूक काय असते, हे तिला कुणी शिकवावे लागले नाही.

1906 साली भायखळ्याच्या मासळी बाजारात तिचे लग्न झाले. दिवसभराचा बाजार उठल्यावर रात्री त्याच छपराखाली एका कोपऱ्यात वऱ्हाडी मंडळी, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची माणसे, बसायला दगडी ओटे आणि पायाखालून वाहणारे गटाराचे पाणी. नवरदेव भीमराव चौदा-पंधरा वर्षांचे, शाळेत शिकणारे. सकाळी मासळीवाल्या येण्याच्या आत मांडव मोकळा करून द्यायचा होता. ज्या लग्नाची आठवण आज लाखो लोक काढतात, ते लग्न असे उधारीच्या जागेत लागले.

ज्या घरात ती सून म्हणून आली ते घर साधेसुधे नव्हते. सासरे सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते. भजन, अभंग, दोहे यांचा रिवाज त्यांनी घरात कडक शिस्तीने पाळला. मुलांनी भजनाला बसलेच पाहिजे, हा त्यांचा दंडक. जात मोडणारा कबीर आणि जातीने नाडलेले संत या घरात पाहुणे म्हणून आलेले नव्हते, घरचेच होते. रमाई या छायेत सहा-सात वर्षे वाढली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या मुलीच्या कानावर पहिली विद्या पडली असेल ती सुरांतून, असे आम्हाला वाटते. आमच्या समाजात बाईच्या हाती पाटी-पुस्तक फार उशिरा आले. तोवर जात्यावरची ओवी आणि रात्रीचे भजन हीच तिची शाळा होती.

फेब्रुवारी 1913 मध्ये रामजीबाबा गेले. त्याच वर्षी जुलैत भीमराव बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला निघाले आणि 1917 च्या ऑगस्टमध्ये परतले. 1918 च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार साडेचारशे रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी. पण बाबासाहेबांना लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायचा होता. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाईच्या हाती द्यायची आणि बाकीची शिल्लक टाकायची, असा बेत ठरला. जुलै 1920 मध्ये ते पुन्हा निघाले आणि एप्रिल 1923 मध्ये बॅरिस्टर होऊन आले. म्हणजे दहा वर्षांतली जवळजवळ सात वर्षे नवरा सातासमुद्रापार. त्या काळात परळच्या पोयबावाडीतल्या बीआयटी चाळीतल्या 50 आणि 51 नंबरच्या दोन खोल्यांचा सगळा कारभार कुणी सांभाळला? रमाईने आणि तिच्या थोरल्या जाऊबाई लक्ष्मीबाईंनी. दीर आनंदराव गेल्यावर जाऊबाई आणि पुतण्या मुकुंद यांच्यासह हे एकच कुटुंब राहिले. शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, त्या विकून चूल पेटवली, हे आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या सांगितले आहे.

दोन जावा एका छपराखाली टंचाईत राहतात आणि घर फुटत नाही, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. चळवळीच्या इतिहासात परिषदांचे ठराव नोंदले जातात. चूल न फुटू देणाऱ्या बायांची नोंद कोण घेतो? लंडनच्या ग्रंथालयात बाबासाहेब दिवसभर वाचत बसू शकले, कारण परळच्या चाळीतून घर मोडल्याची तार गेली नाही.

दुःखाने मात्र हे घर सोडले नाही. 12 डिसेंबर 1912 रोजी यशवंत जन्मला, तो एकटा जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे एकामागून एक गेली. शेवटचा राजरत्न 1926 च्या जुलैत गेला. या पोराच्या मृत्यूने बाबासाहेबही कोसळले होते. आणि लक्षात घ्या, त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, 20 मार्च 1927 रोजी, महाडचे चवदार तळे पेटले. सावित्रीच्या खोऱ्यातला तो संगर आम्ही अभिमानाने सांगतो. त्या संगराला निघालेल्या माणसाच्या घरात कोणती शांतता पसरली होती, हे आम्ही सांगत नाही.

आता रमाईच्या श्रद्धेविषयी. इथे आमचे वक्ते जरा अडखळतात. रमाई देवभोळी होती, उपासतापास करायची. दर शनिवारी ती पाणी आणि उडदावर दिवस काढायची, नवऱ्याच्या आयुष्यासाठी प्रार्थना करायची. पंढरपूरला जाऊन विठ्ठलाचे दर्शन घ्यावे ही तिची आस होती. बाबासाहेबांनी तिला नेले नाही. जिथे आपल्या माणसाला देवळाबाहेर दुरून हात जोडावे लागतात तिथे जाऊन काय करायचे, असा त्यांचा सवाल होता. निर्मळ आयुष्य आणि दलितांची सेवा यांतून आपण आपले वेगळे पंढरपूर उभे करू, अशी समजूत त्यांनी तिला घातली.

हा प्रसंग सांगताना काही जण रमाईच्या श्रद्धेवरून हात झटकतात. आम्हाला ते मान्य नाही. ती 1935 साली गेली. धम्मदीक्षा 1956 ची. एकवीस वर्षांनंतरच्या प्रकाशाने तिला मोजणे हा अन्याय आहे. लाजायचे असेल तर ज्यांनी दरवाजा बंद केला त्यांनी लाजावे, दारापर्यंत जाऊ पाहणाऱ्या माउलीने नव्हे. पंढरपूरचे ते दार 1947 साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. तोवर रमाईला जाऊन बारा वर्षे लोटली होती. आणि 1954 च्या डिसेंबरात देहूरोडला बाबासाहेबांनीच पंढरपूरचा विठोबा म्हणजे मुळात बुद्ध, हे आपण सिद्ध करू असे जाहीर केले. रमाईची आस त्यांच्या मनातून पुरती पुसली गेली नव्हती काय, असा प्रश्न आमच्या मनात येतो. त्याचे उत्तर ज्याचे त्याने शोधावे.

समाजकार्य म्हणजे व्यासपीठ आणि माइक, एवढाच अर्थ घेतला तर रमाईच्या वाट्याला फार थोडे येईल. तरी तेही तिच्या वाट्याला आले होते. महाडच्या दुसऱ्या परिषदेनंतर, 1928 च्या जानेवारीत, मुंबईत अस्पृश्य स्त्रियांचे मंडळ स्थापन झाले तेव्हा अध्यक्षपद रमाईकडे होते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या आम्हीही इतिहास घडवला या पुस्तकामुळे त्या काळातल्या अशा अनेक बाया आपल्याला परत मिळाल्या. या मंडळाचे अध्यक्षपद किती कार्यक्रमांत सांगितले जाते? आम्ही तरी क्वचितच ऐकले.

धारवाडची कथा मात्र सर्वांना पाठ आहे. तिथे बळवंतराव वराळे दलित विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालवीत. रमाई हवापालटासाठी तिकडे गेली असता अंगणात रोज खेळणारी मुले एकाएकी दिसेनाशी झाली. चौकशी केली तेव्हा कळले, धान्य संपले आहे आणि मुले उपाशी आहेत. तिने हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. त्या पोरांनी तिला रमाई म्हटले, अशी आठवण समाजाने जपली आहे. पोटची चार लेकरे मातीआड केलेल्या बाईने परक्या लेकरांसाठी हात मोकळे केले. आई या शब्दाचा याहून मोठा अर्थ आम्हाला ठाऊक नाही.

पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले. ग्रंथांसाठी बांधलेल्या त्या घरात रमाईला फार दिवस लाभले नाहीत. दीर्घ आजारानंतर 27 मे 1935 रोजी तिथेच तिने डोळे मिटले. बाबासाहेबांनी मुंडण केले, भगवी वस्त्रे धारण केली, कित्येक दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. 1940 साली पाकिस्तानच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ निघाला तो रमूच्या स्मृतीस अर्पण होता. तिचे मोठे मन, तिचे निर्मळ शील आणि ओढगस्तीच्या दिवसांत तिने दाखवलेले धैर्य यांची कबुली त्या अर्पणपत्रिकेत आहे. जगाच्या विद्वानांसाठी लिहिलेल्या राजकीय ग्रंथाचे पहिले पान शाळा न शिकलेल्या बाईच्या नावाचे आहे, हे आपल्या मुलींना सांगा.

त्यानंतर रमाई गेली ती गाण्यात. वामनदादा कर्डकांच्या पिढीपासून आजच्या पोरापोरींपर्यंत एकही भीमशाहीर असा नाही ज्याने रमाई गायली नाही. पण शाहिरांच्याही आधी आणि शाहिरांच्याही आत बाया गात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात भीमराव आहेत आणि रमाबाईही आहेत. 1996 साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या ओव्या त्यात आहेत. अभिजनांच्या इतिहासाने जिला दोन ओळी दिल्या, तिला दळणाऱ्या बायांनी पहाटेच्या अंधारात अख्खे चरित्र दिले.

आणि नावाचे म्हणाल तर घाटकोपरच्या रमाबाई नगरात 11 जुलै 1997 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर गोळीबार झाला, दहा जणांचे बळी गेले. चारच दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. रमाईचे नाव आणि समाजाचे रडणे यांची गाठ अशी पुनःपुन्हा पडते. दुसरीकडे याच नावाची रमाई आवास योजना आहे. दोन खोल्यांत संसार रेटलेल्या माउलीच्या नावाने घर मिळते, ही चांगली गोष्ट. पण आपल्या गावातले किती अर्ज अडकून पडले, किती हप्ते रखडले, हे विचारायला जयंतीची कमिटी कधी पंचायत समितीत जाते का? डीजेच्या वर्गणीइतका जोर या कामात लागला तर रमाईला तो जास्त आवडेल.

12 ऑक्टोबर 2025 रोजी मंडणगडला न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. बाबासाहेबांच्या मूळ गावाच्या तालुक्यात न्यायाचे घर उभे राहिले आणि त्याचे दार उघडायला त्यांच्याच वाटेने शिकलेला माणूस आला. वणंदला रमाईचे स्मारक आहे. आंबडवे आणि वणंद, दोन्हीकडे आता माणसे श्रद्धेने जातात. जाणाऱ्यांना आमची एकच विनंती आहे. परतताना तिथल्या एखाद्या म्हातारीपाशी बसा. तिच्या ओठांवर रमाईची ओवी असेल, जुने भजन असेल, चाळीतली एखादी आठवण असेल. ती लिहून घ्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, तिचे नाव-गाव खाली नोंदवा. या बाया एकेक करून निघून चालल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर रमाईचे जे चरित्र कोणत्याही पुस्तकात नाही तेही चालले आहे. येत्या 7 फेब्रुवारीच्या आत प्रत्येक वस्तीने अशा निदान दहा ओव्या जमवल्या, तर त्या दिवशीची आदरांजली खरी ठरेल.