कुष्ठरुग्णांचे सोबती : फादर डेमियन

पॅसिफिक महासागरात हवाई नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील मोलोकाई बेटाच्या उत्तर किनाऱ्याला लागून जमिनीचा एक सपाट तुकडा समुद्रात शिरलेला दिसतो. त्याच्या तीन बाजूंना खवळलेला समुद्र आहे आणि चौथ्या बाजूला सुमारे सहाशे मीटर उंचीचे, भिंतीसारखे उभे कडे आहेत. या भूभागाला कालाउपापा म्हणतात. तुरुंगाभोवती माणसाला भिंती बांधाव्या लागतात. येथे त्या निसर्गानेच उभ्या करून ठेवल्या होत्या. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात हवाईच्या राज्यकर्त्यांनी कुष्ठरुग्णांना दूर ठेवण्यासाठी हीच जागा निवडली.

त्या काळी हवाई हे स्वतंत्र राज्य होते. बाहेरून आलेल्या जहाजांबरोबर अनेक रोगही तेथे आले आणि मूळ रहिवाशांची संख्या झपाट्याने घटू लागली. त्यांतच कुष्ठरोगाची भर पडली. या रोगावर तेव्हा औषध नव्हते. भयभीत झालेल्या सरकारने १८६५ साली कायदा करून रुग्णांना सक्तीने वेगळे काढण्यास सुरुवात केली. ६ जानेवारी १८६६ रोजी बारा रुग्णांची पहिली तुकडी मोलोकाईच्या किनाऱ्यावर उतरवण्यात आली. तेव्हापासून घराघरांतून माणसे उचलली जाऊ लागली. आईपासून मूल आणि पतीपासून पत्नी दुरावली. हवाईच्या लोकांनी या रोगाला ताटातूट करणारा रोग असे नाव दिले. त्यांना रोगापेक्षाही ही ताटातूट अधिक असह्य वाटत होती, हे त्या नावातूनच स्पष्ट होते.

ज्या माणसाने पुढे या वसाहतीला आपले घर मानले, तो मात्र हवाईपासून हजारो मैल दूर, युरोपातील बेल्जियम या देशात जन्मला. ३ जानेवारी १८४० रोजी त्रेमेलो या खेड्यात एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. जोसेफ हे त्याचे नाव. भावंडांत तो सातवा. अंगाने दणकट, स्वभावाने हट्टी आणि शेतीच्या, सुतारकामाच्या उद्योगांत रमणारा. मुलाने आपला व्यापार सांभाळावा, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु थोरल्या भावाच्या पावलावर पाऊल टाकून जोसेफने १८५९ साली लूव्हेन येथील एका कॅथलिक संन्यस्त संघात प्रवेश केला. तेथे त्याने डेमियन हे नाव धारण केले. प्राचीन काळी या नावाचे एक वैद्य संत होऊन गेले होते.

थोरल्या भावाची हवाईला जाणाऱ्या धर्मसेवकांमध्ये निवड झाली होती. पण १८६३ साली रुग्णांची सेवा करताना तो स्वतःच आजारी पडला आणि त्याचे जाणे रहित झाले. डेमियन यांचे शिक्षण तेव्हा पुरे झाले नव्हते. तरीही त्यांनी थेट पॅरिसमधील प्रमुखांना पत्र लिहून भावाच्या जागी स्वतःला पाठवण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास करून १९ मार्च १८६४ रोजी ते होनोलुलू येथे पोहोचले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पुढील नऊ वर्षे हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावर, दऱ्याडोंगरांतून पायपीट करीत आणि स्वतःच्या हातांनी लहान लहान प्रार्थनामंदिरे बांधीत त्यांनी काम केले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली. लोक त्यांना आपल्या उच्चाराप्रमाणे कामिआनो म्हणू लागले. ज्यांच्याबरोबर आपण राहत होतो, त्यांपैकी काही जण एकाएकी दिसेनासे होतात आणि मोलोकाईला नेले जातात, हे त्यांनी याच काळात जवळून पाहिले.

मे १८७३ मध्ये तेथील बिशपांनी आपल्या धर्मगुरूंपुढे मोलोकाईच्या रुग्णांची व्यथा मांडली. कोणालाही कायमचे तेथे पाठवण्यास त्यांचे मन धजत नव्हते. चौघांनी पाळीपाळीने जावे, असे ठरले. पहिली पाळी डेमियन यांनी मागून घेतली. १० मे १८७३ रोजी ते मोलोकाईला उतरले. वय अवघे तेहतीस वर्षांचे होते. राहण्यास घर नव्हते, म्हणून सुरुवातीच्या रात्री त्यांनी प्रार्थनामंदिराशेजारच्या केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. काही आठवड्यांसाठी आलेल्या या तरुणाने लवकरच येथेच राहण्याची परवानगी मागितली. त्यांची पाळी सोळा वर्षे चालली.

वसाहतीत तेव्हा सहाशेहून अधिक रुग्ण होते. रुग्ण स्वतः शेती करून पोट भरतील, अशी सरकारची कल्पना होती. परंतु ज्यांच्या हातापायांची बोटे झडली आहेत, त्यांनी नांगर कसा धरावा, याचा विचार कोणी केला नव्हता. शिधा अपुरा होता, कपडे तोकडे होते आणि पाणी लांबून वाहून आणावे लागे. गवताच्या ओलसर झोपड्यांत माणसे दाटीवाटीने राहत. कित्येकांना मृत्यूनंतर शवपेटीही मिळत नसे. असे असले, तरी त्या वसाहतीत माणुसकी अजिबात उरली नव्हती, असे म्हणणे योग्य होणार नाही. अनेक रुग्णांबरोबर त्यांचे निरोगी आप्त स्वेच्छेने तेथे राहायला आले होते. हवाईच्या भाषेत त्यांना कोकुआ, म्हणजे मदतनीस म्हणत. डेमियन यांच्या आधीही तेथे सेवा होती. तिला बळ देणारे साधन आणि तिच्या बाजूने बोलणारा आवाज यांची उणीव होती.

डेमियन यांनी हाती कुदळ आणि करवत घेतली. रुग्णांना सोबत घेऊन त्यांनी डोंगरातील पाणी नळांद्वारे वस्तीपर्यंत आणले. वादळात झोपड्या मोडून पडल्या, तेव्हा सरकारकडून लाकूड मिळवून जमिनीपासून उंच, कोरडी घरे उभारली. मुलांमुलींसाठी अनाथगृहे काढली. जखमा धुणे आणि मलमपट्टी करणे ही कामे त्यांनी नित्याची मानली. त्यांनी शेकडो शवपेट्या स्वतः तयार केल्या आणि दफनभूमीला कुंपण घातले. मृतांना सन्मानाने निरोप देता यावा म्हणून रुग्णांची मंडळे स्थापन केली. वाद्यवृंदही उभा राहिला. १८८१ साली राजकन्या लिलिउओकलानी वसाहतीच्या भेटीस आल्या, तेव्हा रोगाने विद्रूप झालेल्या हातांनी वाजवलेल्या वाद्यांनी त्यांचे स्वागत झाले. जेथे माणसे केवळ मरण्यासाठी आणून सोडली जात होती, तेथे हळूहळू एक गाव वसले.

केवळ दयेने भागणार नाही, हे डेमियन यांनी फार लवकर ओळखले होते. ज्या सरकारने या माणसांना कायद्याने घराबाहेर काढले, त्यांना अन्न, वस्त्र, निवारा आणि औषध पुरवणे हे त्याच सरकारचे कर्तव्य आहे, अशी त्यांची धारणा होती. म्हणून लाकूड, पाण्याचे नळ, कपडे, औषधे आणि डॉक्टर यांसाठी ते आरोग्य मंडळाकडे सतत मागण्या करीत राहिले. त्यांच्या आग्रहामुळे अधिकारी त्रासून जात. आरंभीच्या काळात तर वसाहतीबाहेर पाऊल टाकण्यास त्यांना बंदी करण्यात आली. एकदा त्यांचे वरिष्ठ धर्मगुरू बोटीने तेथवर आले. पण कप्तानाने डेमियन यांना बोटीवर चढू दिले नाही. पापनिवेदन हा कॅथलिक धर्मातील अत्यंत खासगी विधी. तोही डेमियन यांना आपल्या लहान होडीत उभे राहून, वर उभ्या असलेल्या वरिष्ठांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात, इतरांच्या देखत करावा लागला. बहिष्कृताच्या वाट्याला काय येते, याचा अनुभव त्यांना रोग होण्याआधीच मिळाला.

स्वतःच्या बाबतीत त्यांनी फारशी काळजी घेतली नाही. अळूच्या कंदापासून केलेला पोई हा तेथील लोकांचा मुख्य आहार. रुग्णांबरोबर एकाच भांड्यातून ते पोई खात. आपली चिलीमही त्यांना देत. आपल्या प्रवचनांत ते श्रोत्यांना तुम्ही असे न संबोधता स्वतःलाही रुग्णांमध्येच धरून बोलत. त्यांच्या दृष्टीने ही निव्वळ बोलण्याची पद्धत नव्हती. ज्यांना सर्वांनी टाकले, त्यांना आपला स्पर्शही वर्ज्य असेल, तर आपल्या उपदेशाला काही अर्थ उरत नाही, असे त्यांना वाटे.

डिसेंबर १८८४ मध्ये एके दिवशी त्यांनी थकलेले पाऊल गरम पाण्यात बुडवले. पाणी उकळते होते. कातडी भाजून निघाली, पण वेदना झाली नाही. त्या पायाची संवेदना नष्ट झाली होती. काही आठवड्यांतच डॉक्टरांनी कुष्ठरोगाचे निदान केले. बारा वर्षे ते ज्या शब्दांत बोलत आले होते, ते शब्द आता अक्षरशः खरे ठरले. त्यानंतर त्यांनी कामाचा वेग वाढवला, कारण हाती उरलेला काळ थोडा होता. त्यांच्या आजाराची वार्ता जगभर पसरली आणि मदतीचा ओघ सुरू झाला. लंडनमधील एका अँग्लिकन धर्मगुरूंनी पंथभेद बाजूला ठेवून मोठी रक्कम जमवून पाठवली. तिच्यातून रुग्णांना कपडे मिळाले. मात्र या प्रसिद्धीमुळे सरकार आणि त्यांच्याच संघातील वरिष्ठ नाराज झाले. मदतीला माणसेही आली. १८८६ साली अमेरिकेतून जोसेफ डटन आले आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षे तेथेच राहिले. नोव्हेंबर १८८८ मध्ये मदर मॅरिअन कोप आपल्या दोन सहकारी भगिनींसह आल्या. आपल्यामागे या लेकरांचे काय होईल, ही डेमियन यांची चिंता त्यांच्या येण्याने दूर झाली. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, फादर डेमियन यांनी देह ठेवला. ज्या झाडाखाली त्यांनी पहिल्या रात्री काढल्या होत्या, त्याच झाडाखाली त्यांना पुरण्यात आले.

मृत्यूनंतरही निंदेने त्यांची पाठ सोडली नाही. होनोलुलूमधील एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने त्यांना अस्वच्छ आणि हेकट ठरवून त्यांचा रोग दुराचारातून आला असल्याचे सूचित केले. कुष्ठरोगाचा संबंध पापाशी जोडण्याची वृत्ती तेव्हा सर्वत्र होती. ख्यातनाम लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे स्वतः प्रॉटेस्टंट कुटुंबात वाढलेले. डेमियन यांच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात ते वसाहतीत आठवडाभर राहून आले होते. त्यांनी १८९० साली प्रकट पत्र लिहून या आरोपांचा समाचार घेतला. डेमियन यांचा हट्टी आणि तापट स्वभाव त्यांनी लपवला नाही. परंतु इतर जण सुरक्षित अंतरावर बसून राहिले, तेव्हा हा माणूस प्रत्यक्ष जाऊन राहिला, हे सत्य त्यांनी जगापुढे ठेवले.

डेमियन यांच्या मृत्यूचे पडसाद भारतापर्यंत पोहोचले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्लंडमध्ये जमलेल्या निधीतून एक आयोग भारतात पाठवण्यात आला. १८९० आणि १८९१ या वर्षांत त्याने देशातील कुष्ठरोगाची पाहणी केली. हा रोग समजला जातो तितका संसर्गजन्य नाही आणि रुग्णांना सक्तीने वेगळे करण्याचे कारण नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. तरीही समाजातील भीती प्रबळ ठरली आणि १८९८ साली निराधार कुष्ठरुग्णांना आश्रमांत डांबण्याची मुभा देणारा कायदा भारतात झाला. पुढे तो रद्द करण्यात आला.

ज्या वर्षी डेमियन मोलोकाईला उतरले, त्याच १८७३ साली नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सन यांनी या रोगाचे जंतू शोधून काढले होते. त्यामुळे हा रोग शाप किंवा पापाचे फळ नव्हे, हे विज्ञानाने दाखवून दिले. १९४० च्या दशकात प्रभावी औषधे आली आणि १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचारामुळे तो पूर्ण बरा होऊ लागला. हवाईमधील सक्तीचा कायदा मात्र १९६९ पर्यंत टिकून राहिला. तोपर्यंत सुमारे आठ हजार माणसांना मोलोकाईला पाठवण्यात आले होते. रोगावर औषध सापडले, तरी मनातील भीतीवर औषध सापडण्यास अधिक काळ लागतो, याची साक्ष हा इतिहास देतो.

१९३६ साली डेमियन यांचे अवशेष बेल्जियमला नेण्यात आले. हवाईच्या लोकांना ही नवी ताटातूट वाटली. १९९५ साली त्यांच्या उजव्या हाताचे अवशेष मोलोकाईला परत आणून मूळ कबरीत ठेवण्यात आले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी कॅथलिक चर्चने त्यांना संतपद दिले. ज्या हाताने घरे बांधली, जखमा धुतल्या आणि मृतांसाठी शेवटच्या पेट्या घडवल्या, तो हात आज त्याच मातीत आपल्या माणसांजवळ विसावला आहे.