शिक्षक घडवण्यासाठी विद्यापीठानेच शाळा का काढली? जाणून घ्या जॉन ड्युई यांच्याविषयी

बीएड करताना सराव पाठ आणि आंतरवासितेसाठी शाळेत जावेच लागते. पण तिथे नेमके शिकायचे काय? अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर शोधले.

आधी शाळेत, मग विद्यापीठात
ड्युई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टनमध्ये झाला. पदवीनंतर त्यांनी दोन वर्षे ऑइल सिटी येथील हायस्कूलमध्ये शिकवले. १८८४ मध्ये पीएचडी मिळवली आणि १८९४ मध्ये ते शिकागो विद्यापीठात रुजू झाले.

प्रयोगशाळा म्हणून शाळा
भौतिकशास्त्राला प्रयोगशाळा लागते, तशी शिक्षणशास्त्राला शाळा हवी, अशी त्यांची भूमिका होती. जानेवारी १८९६ मध्ये १६ मुले आणि २ शिक्षकांसह विद्यापीठाची शाळा सुरू झाली. स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करता करता मुले विज्ञान आणि इतिहास शिकत. मूल कसे शिकते, हे विद्यापीठाला तिथे प्रत्यक्ष पाहता येई.

मग बिनसले कुठे?
१९०१ मध्ये कर्नल फ्रान्सिस पार्कर यांची शिक्षक प्रशिक्षण संस्था विद्यापीठात आली. तिची स्वतंत्र शाळा होती. १९०३ मध्ये दोन्ही शाळा एकत्र झाल्या आणि ड्युई यांच्या पत्नी ॲलिस मुख्याध्यापिका झाल्या. पार्कर यांच्या शिक्षकांना हे खटकले. विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम हार्पर यांच्या मते ही नेमणूक वर्षभरापुरतीच होती. ड्युई यांना ते मान्य नव्हते. १९०४ मध्ये दोघांनीही राजीनामे दिले.

नव्या शिक्षकांसाठी काय सांगितले?
त्याच वर्षी ड्युई यांनी शिक्षक प्रशिक्षणावर निबंध लिहिला. नवशिक्याला घाईने वर्गावर उभे केले, तर त्याचे सारे लक्ष वर्ग शांत ठेवण्यात जाते आणि मुलांच्या डोक्यात काय चालले आहे, हे पाहायचे राहून जाते. म्हणून आधी निरीक्षण, मग शिक्षकाला मदत आणि त्यानंतर वर्गाची जबाबदारी, असा क्रम त्यांनी सुचवला.

महाराष्ट्राशी नाते
पुढे ड्युई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे १९१३ ते १९१६ या काळात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते. १ जून १९५२ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी ड्युई यांचे निधन झाले. शिकागोतील त्यांची शाळा आजही सुरू आहे.