घरातला शोध, बाहेरचे भांडवल

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात गेल्या दहा-बारा वर्षांत एक नवी जमात तयार झाली आहे. दिवसभर नोकरी, जाता-येता लोकलचा प्रवास, आणि रात्री जेवणे आटोपली की त्याच टेबलावर सोल्डरिंगची कांडी, तारांचे तुकडे आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सुट्या भागांची पिशवी. कोणाच्या सोसायटीतली गच्चीवरची टाकी भरली की पंप आपण होऊन थांबतो. कोणाची गाडी दिव्यापाशी आली की खिशातला मोबाइल डोंबिवलीतल्या घराला तसे कळवतो आणि तिथला गिझर चालू होतो. एखाद्याने म्हाताऱ्या आईसाठी अशी सोय केलेली असते की ती रात्री अंथरुणातून उठून पाय खाली टेकते न टेकते तोच न्हाणीघरापर्यंतचे दिवे मंद उजळतात. २०१४ नंतर ईएसपी-८२६६ नावाची वायफायवर बोलणारी चिमुकली चिप दोन-तीनशे रुपयांत मिळू लागली आणि या मंडळींचे फावले. शेजारी त्यांना हौशी म्हणतात. घरची माणसे याहून कमी सभ्य शब्द वापरतात.

या जमातीला एक मूळपुरुष आहे, आणि तो मराठी आहे. शंकर आबाजी भिसे हे नाव शालेय पुस्तकांतून कधीतरी डोळ्यांखालून गेलेले असते. ‘भारताचे एडिसन’ एवढे दोन शब्द लक्षात राहतात आणि माणूस विसरला जातो. भिशांचे आयुष्य आज पुन्हा उलगडून पाहावेसे वाटते ते त्यांच्या बुद्धीचे कौतुक करण्यासाठी नव्हे. बुद्धी आपल्याकडे कधीच कमी नव्हती. घरातल्या टेबलावर चाललेले यंत्र घराच्या उंबऱ्याबाहेर नेताना माणसाचे काय होते, हे त्यांच्या आयुष्याइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

२९ एप्रिल १८६७ हा त्यांचा जन्मदिवस, आणि गाव मुंबई. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली १८५३ मध्ये, ती कल्याणपर्यंत पोचली १८५४ मध्ये, आणि मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले १८६५ मध्ये. म्हणजे हा मुलगा जन्मला तेव्हा वाफ आणि गॅस ही दोन्ही नवलाची भुते शहरात येऊन चुकली होती, पण ती कंपन्यांच्या मालकीची होती. सामान्य माणसाने ती लांबून पाहायची. शंकरने चौदाव्या वर्षी दगडी कोळशापासून गॅस तयार करण्याचे यंत्र घरातच उभे केले. कोळसा बंद भांड्यात हवा न लागू देता तापवायचा, निघणारा धूर पाण्यातून नेऊन धुऊन घ्यायचा आणि मागे राहणारा गॅस साठवायचा, ही या कामाची साधारण रीत. वाचायला सोपी आहे. पण चौदा वर्षांचे पोर घरात हे करू लागले तर घरातल्यांच्या जिवाचे काय होत असेल, याची कल्पना करावी. रस्त्यावर जे आहे ते माझ्या घरात, माझ्या हाताने का होऊ नये? डोंबिवलीच्या त्या हौशी मंडळींच्या डोक्यातला किडा अगदी याच जातीचा असतो.

यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. आपली सारी यंत्रविद्या आपण न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकातून शिकलो, असे त्यांनी पुढे अमेरिकेत गेल्यावर सांगितले होते. आजचा तरुण मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून सर्किट जोडतो. त्या काळी बोटीने येणाऱ्या शिळ्या अंकांवर भागवावे लागे. एवढाच काय तो फरक. भिशांनी विशीत मुंबईत सायंटिफिक क्लब काढला आणि ‘विविध कला प्रकाश’ नावाचे मराठी मासिकही चालवले. म्हणजे ज्ञान आपल्यापुरते दाबून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. याच वर्षांत उघडल्यास लगेच कळून येईल अशी बाटली, विजेवर चालणारी सायकलची काही करामत, आणि मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी स्टेशनदर्शक, असे एक ना अनेक उद्योग त्यांनी केले. यातला स्टेशनदर्शक मला विशेष जवळचा वाटतो. फलाटावर मान वर करून इंडिकेटरकडे पाहण्यात ज्यांची निम्मी हयात गेली, त्या कल्याण-डोंबिवलीकरांना तो का जवळचा वाटावा, हे सांगायला नको. तेव्हाची गाडी कोळशावर चालणारी होती आणि प्रवासी मूठभर. तरीही प्रवाशाला स्टेशन कळावे आणि ते यंत्रानेच सांगावे, हे कोणाला तरी सुचले होते.

त्यांना खरे नाव मिळाले ते वजनाच्या यंत्राने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका नियतकालिकाने शोधकांसाठी स्पर्धा जाहीर केली. दुकानातला पीठ-साखरेसारखा माल आपोआप तोलून देईल असे यंत्र हवे होते. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर असताना भिशांना त्याची कल्पना सुचली आणि तिथेच त्यांनी आराखडे काढले, असे सांगतात. स्पर्धेत ते पहिले आले. माल ओतत राहणे कोणालाही जमते. नेमके वजन भरताच आपण होऊन हात आखडणे, ही यातली मेख. माणसाने लक्ष ठेवायची गरज उरू नये म्हणून यंत्रालाच भान द्यायचे. आज टाकीतला तरंगता गोळा किंवा पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर हेच काम करतो.

या यशाने मुंबईतली बडी मंडळी जागी झाली. काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा यांनी शिफारस केली आणि भिसे लंडनला दादाभाई नौरोजींकडे पोचले. इथे मला नियतीचा विनोद दिसतो. हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडात कशी वाहून जाते याचा पै-पैचा हिशेब मांडणारे दादाभाई, आणि त्यांनीच एका मराठी माणसाच्या डोक्यातून लंडनमध्ये संपत्ती निर्माण व्हावी म्हणून खटपट करायची! पण ती त्यांनी मनापासून केली. भिशांनीही निराश केले नाही. विजेच्या दिव्यांवर चालणारे त्यांचे जाहिरातयंत्र लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकले. स्वयंपाकघरातली उपकरणे, टेलिफोनचा एक प्रकार, आपोआप पाणी सोडणारे शौचकूप अशी घरगुती उपयोगाची यंत्रे ते एकामागून एक काढत राहिले. दोनशेच्या आसपास शोध आणि चाळीसच्या घरात पेटंटे त्यांच्या नावावर सांगितली जातात. त्यांतला मोठा भाग घर आणि दुकान यांच्याच भोवती फिरतो, आणि घर आपोआप चालावे ही कल्पना किती जुनी आहे, ते यावरून ध्यानात यावे.

पण ज्या यंत्राने त्यांना वर नेले आणि ज्याने त्यांची अर्धी उमेद खाल्ली, ते घरातले नव्हते. ते छापखान्यातले होते.

आजच्या वाचकाला खिळे म्हणजे काय हे सांगावे लागेल. शिसे, अँटिमनी आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा एकेक अक्षराचा ठोकळा म्हणजे खिळा. असे हजारो खिळे जुळाऱ्याने हाताने जुळवायचे तेव्हा कुठे पान छापायला तयार होई. मुंबईत निर्णयसागरच्या देवनागरी खिळ्यांचे नाव साऱ्या हिंदुस्थानात होते. आमच्या भागातल्या छोट्या छापखान्यांतून लग्नपत्रिका आणि हँडबिले अगदी अलीकडेपर्यंत खिळ्यांवरच निघत. खिळे पाडणारी जी यंत्रे तेव्हा प्रचारात होती, त्यांच्या कितीतरी पुढे जाणारे यंत्र आपण करू, असे भिशांनी म्हटले. लंडनच्या धंद्यातल्या जाणत्यांनी ते अशक्य ठरवले. मग भिशांनी मिनिटाला सुमारे बाराशे खिळे पाडणारे यंत्र करून दाखवले. त्याला नाव पडले भिसोटाइप.

इथून पुढची गोष्ट यंत्राची कमी आणि पैशाची जास्त आहे. माझा जन्म बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात गेला, त्यामुळे मला ती निराळ्या डोळ्यांनी दिसते. कारखानदार कर्जाला येतो तेव्हा यंत्र चालते का, हा प्रश्न फाइलच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर येतो. पहिल्या पानावर तारण काय, जामीन कोण आणि पहिल्या वर्षी माल घेणार कोण, हे असते. वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसीतले कितीतरी बुद्धिमान इंजिनिअर या पहिल्या पानावर अडखळताना मी पाहिले आहेत. भिशांजवळ तारण म्हणून होती ती कल्पना, आणि जामीन म्हणून एक देशभक्त. दादाभाईंबरोबर समाजवादी पुढारी हेन्री हिंडमन यांनीही भिसोटाइपसाठी भांडवल जमवण्याचा प्रयत्न केला. भांडवलशाहीवर तुटून पडणारा माणूस भांडवल शोधत दारोदार! ते जमले नाही. १९०७ मध्ये दादाभाई थकून मायदेशी परतले, आणि १९०८ च्या अखेरीस भिशांना कारखाना गुंडाळून बोट धरावी लागली.

त्या बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. गोखल्यांनी हा माणूस ओळखला आणि त्याची गाठ सर रतन टाटांशी घालून दिली. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. २०२४ मध्ये निवर्तलेले रतन टाटा नव्हेत. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला आणि पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसा देणारा हा दिलदार माणूस. त्यांच्या भांडवलावर १९१० च्या सुमारास टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट उभे राहिले आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. सिंडिकेटने कधी नफा पाहिला नाही. पुढे महायुद्ध पेटले आणि त्या धामधुमीत ते मोडले. १९१५ मध्ये टाटांचीच खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली. डोंगर, धरण आणि गिरण्यांसारखे ठरलेले ग्राहक हाताशी असलेला तो उद्योग तरला, आणि एका माणसाच्या डोक्यावर उभा असलेला हा बुडाला.

असे का व्हावे? परक्या राज्यात काळ्या माणसाला कोण विचारतो, हे उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. दादाभाई, गोखले, टाटा या तिघांनीही भिशांना हात दिला तो देशाच्या अभिमानापोटी. त्यांच्यापैकी कोणीही छापखाना चालवला नव्हता. लायनोटाइप आणि मोनोटाइप या कंपन्यांची यंत्रे गावोगावच्या छापखान्यांत बसली होती. त्यांचे सुटे भाग मिळत, दुरुस्तीला माणूस येई, चालवणारे हात तयार होते. यंत्र कितीही वेगवान असले, तरी त्याचा एक दाता तुटला तर तो एकाच कारखान्यात मिळणार असेल, तर कोणता छापखानेवाला ते घेईल? माझे तरी मत असे की भिशांना दात्यांपेक्षा गिऱ्हाईक जास्त हवे होते आणि आश्रयदात्यापेक्षा एखादा गावोगाव फिरणारा फिटर. पण शोधकाला दाद देणारी माणसे भेटली की त्यालाही वाटू लागते, आता बाजारही भेटेल.

यंत्राची चावी दुसऱ्याच्या हाती असली की काय होते, हे आजही दिसते. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन या कंपनीने आपले सर्व्हर एकाएकी बंद केले आणि पैसे मोजून बसवलेली तिची घरगुती उपकरणे पांगळी होऊन बसली. पुढे ग्राहकांपैकीच काहींनी ती कंपनी विकत घेऊन पुन्हा उभी केली. म्हणून जाणते हौशी ‘होम असिस्टंट’सारखी फुकट मिळणारी प्रणाली घरातल्याच छोट्या संगणकावर चालवतात; इंटरनेट गेले तरी आईच्या वाटेतला दिवा लागतो. त्यांचे एक बरे आहे. त्यांना ते विकायचे नसते. भिशांना विकावे लागत होते, कारण तेच त्यांचे पोट होते.

महायुद्ध चालू असतानाच, १९१६ च्या सुमारास, ते न्यूयॉर्कला गेले. पन्नाशी जवळ आली होती. तिथे त्यांनी खिळे पाडणाऱ्या यंत्राच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या आणि त्यांसाठी कंपनीही निघाली; पण हाती लक्ष्मी आली ती भलत्याच दाराने. आयोडीनचे एक संयुग त्यांनी तयार केले आणि ते पुढे ‘अ‍ॅटोमिडीन’ या नावाने औषध म्हणून खपले. ज्या यंत्रापायी तारुण्य घातले त्याने भाकरी दिली नाही, आणि बाटलीतल्या थेंबांनी दिली. उत्तरायुष्यात त्यांचे मन अध्यात्माकडेही वळले. परलोकातल्या आत्म्यांशी बोलण्यासाठी त्यांनी एक टंकयंत्र केले होते. हसू येते खरे. पण त्या काळी अमेरिकेत हे खूळ भल्याभल्यांना होते, आणि भिशांना कोणतेही दार दिसले की त्याला कळ बसवावीशी वाटे.

१९३० मध्ये त्यांची आणि एडिसनची भेट झाली. एडिसन तेव्हा अगदी थकलेला होता. पुढच्याच वर्षी तो गेला. अमेरिकन वृत्तपत्रे भिशांना हिंदी एडिसन म्हणत आणि आपण ते अभिमानाने उचलले. मला ही पदवी थोडी अन्यायाची वाटते. एडिसनने १८७६ मध्ये मेन्लो पार्कला प्रयोगशाळा उघडली तेव्हा तिथे पगारी कारागिरांचा ताफा होता, आणि दोन वर्षांत त्याच्या विजेच्या दिव्यामागे मॉर्गनसारख्या सावकारांचे भांडवल उभे राहिले. तो दिवा विकण्यासाठी वीजघरापासून तारांपर्यंत सारा संसार त्याने मांडला. भिशांच्या वाट्याला यातले काहीही आले नाही. तरीही त्यांनी एवढी मजल मारली.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये शंकर आबाजी भिसे वारले. अडुसष्टावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता. ज्या उपनगरी रेल्वेसाठी त्यांनी स्टेशनदर्शक केला होता, तिच्यावर विजेची पहिली लोकल धावून तेव्हा दहा वर्षे झाली होती.